पारोसे कोण?

गेल्या पौषात गडचिरोली जिल्ह्यातील एका वसतिगृहाच्या बक्षीस-समारंभास पाहुणे म्हणून जाण्याचा योग आम्हांस आला. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. जे तेथे घडते ते इतरत्रही घडत असेल, आणि दोष एकट्या त्या संस्थेचा नाही हे पुढे दिसेलच. आदल्या रात्री मुक्काम तेथेच पडला. पहाटे पाच वाजता घंटा झाली आणि अंगणातील हौदापाशी लहानमोठी मुले उघड्या अंगाने रांगेत उभी राहिली. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांवरून धुके वाहत होते. हौदातील पाणी रात्रभर उघड्यावर राहिलेले. प्रत्येक मुलाने दोन तांबे अंगावर ओतावे, एक आरोळी ठोकावी आणि कुडकुडत खोलीकडे पळावे, असा क्रम चालू होता. अधीक्षक मोठ्या समाधानाने आम्हांस म्हणाले, "सर, घरी आठ-आठ दिवस आंघोळ करत नव्हते हे पोट्टे. इथं आणून माणसांत आणलं यांना."

रांगेत एक मुलगा नव्हता. तो खोलीत गुडघे पोटाशी घेऊन, ब्लँकेट डोक्यावरून ओढून पडला होता, आणि हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे 'आळशी' असा शेरा होता. आम्ही जवळ जाऊन पाहिले तो त्याच्या बोटांना सूज आलेली, आणि कोठे दुखते असे विचारताच त्याने नडगीवर हात ठेवला. आदल्या दिवशी त्याने निमूटपणे थंड पाणी अंगावर घेतले होते. त्याच्या पत्र्याच्या पेटीत शाळेची प्रमाणपत्रे होती, आणि त्यांच्याच खाली आरोग्यपथकाने दिलेले सिकलसेलचे कार्ड होते. ते कोणी वाचले नव्हते. दहाच्या सुमारास उपकेंद्रातील परिचारिका आली, तिने त्याला ऊन पाणी पाजले, उबेत गुंडाळले आणि रुग्णालयात धाडले. अकरा वाजता समारंभ सुरू झाला व 'स्वच्छ विद्यार्थी' हे बक्षीस आमच्याच हस्ते दिले गेले. ते देताना आम्ही एक शब्दही उच्चारला नाही, याची लाज आम्हांस आजही वाटते. आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण ती लाज हेच आहे.

माणसाने किती वेळा स्नान करावे, हा प्रश्न एखाद्या वाङ्मयीन मासिकाच्या पानांवर क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या सुशिक्षित वर्गाने त्याचे उत्तर केव्हाच ठरवून टाकले आहे. ते उत्तर तीन कलमी आहे: स्नान रोज करावे, सकाळीच करावे, आणि जो असे करीत नाही तो आपल्याहून हलका समजावा. पहिली दोन कलमे सवयीची आहेत व त्यांच्याशी आमचे फारसे भांडण नाही. भांडण आहे ते तिसऱ्याशी. मात्र हे तिसरे कलम पहिल्या दोहोंच्या आडोशाला उभे असते. म्हणून ती दोन्ही आधी तपासणे भाग आहे.

शरीराला स्नान कशासाठी लागते? घामाचा नाश करण्यासाठी, असे सामान्य उत्तर येईल. वस्तुतः ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेत व जांघेत ज्या विशेष ग्रंथी असतात, त्यांच्या स्रावावर त्वचेवरचे सूक्ष्म जीव उपजीविका करतात व त्यातून दुर्गंधी निर्माण होते. सबब काखा, जांघा व पावले रोज धुणे इष्टच आहे. पण पाठ, पोट, हात, पाय यांना रोज साबण चोळण्याची गरज निरोगी व बैठ्या माणसास असतेच असे नाही. त्वचेवर किंचित आम्ल व तेलकट असा एक पातळ थर असतो. तो तिचे कवच होय. आपला नेहमीचा साबण अल्कधर्मी असल्यामुळे तो या थराला धुऊन नेतो, आणि थंडीच्या दिवसांत अंगाला खाज सुटली की आपण आणखी साबण लावतो. त्वचारोगतज्ज्ञ याविषयी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. परंतु साबणाच्या जाहिरातीचा आवाज त्यांच्याहून मोठा आहे.

उलट, चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला दिवसातून दोनदा स्नान करू नकोस असे कोण सांगेल? वैशाखात तेथे पारा पंचेचाळीस अंश ओलांडतो, कधी सत्तेचाळिसाच्याही वर जातो. तेव्हा अंगावर पडणारे पाणी ही चैन नसून उष्माघातापासूनची राखण असते. घुग्गुस-बल्लारपूरच्या कोळसाखाणीतून पाळी संपवून वर येणाऱ्या मजुराला तर स्नानावाचून घरी जाणेच कठीण. याचा अर्थ इतकाच की, स्नानाची संख्या ऋतूवरून, कामावरून व प्रकृतीवरून ठरते. बारा महिने, सर्व वयांस व सर्व देहांस एकच नियम लावणे यात आरोग्य नाही. यात केवळ कवायत आहे.

कोणी म्हणेल, रोगराई तरी रोजच्या स्नानाने टळते ना? येथे आमच्या वर्गाची खरी फसगत होते. लहान मुलांना मारणारे दोन मोठे रोग, अतिसार व न्यूमोनिया, यांचा संबंध सर्वांत अधिक येतो तो हातांशी. कराचीच्या गरीब वस्त्यांत झालेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांना साधा साबण देऊन हात धुण्याची सवय लावली गेली, तेथे पाच वर्षांखालील मुलांतील न्यूमोनियाचे प्रमाण इतर घरांच्या मानाने निम्म्यावर आले, आणि पंधरा वर्षांखालील मुलांतील अतिसारही निम्म्याहून अधिक घटला. त्या घरांना रोज आंघोळीचीही शिफारस होती, हे आम्ही लपवीत नाही. आणि त्यांच्यात पुरळ-फोडांचा त्वचारोगही सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. परंतु पोटाचा व छातीचा रोग कोणत्या वाटेने शिरतो हे ज्याला ठाऊक आहे, तो हातांना प्रथम मान देईल. आता त्या वसतिगृहाकडे पाहा: पहाटेच्या हौदावर शिस्त कडक, पण शौचकूपापाशी साबण नव्हता, भोजनगृहाच्या दारीही नव्हता. ज्याने दोन तांबे अंगावर ओतले तो शुद्ध ठरला आणि त्याच हातांनी भाताला बसला. किती सोवळ्या घरांत आजही हेच चालत नाही?

यावर आमचे सनातनी स्नेही म्हणतील की, तुम्ही शास्त्राज्ञेची थट्टा मांडली आहे. त्यांस आम्ही शास्त्रच दाखवितो. धर्मशास्त्रकारांनी स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत: मांत्र, भौम, आग्नेय, वायव्य, दिव्य, वारुण आणि मानस. पाण्याने होते ते यांपैकी केवळ एक, वारुण. भस्म लावणे हे आग्नेय, गाईंच्या खुरांची धूळ अंगावर घेणे हे वायव्य, ऊन असताना पडणाऱ्या पावसात भिजणे हे दिव्य. आणि ज्यास यांतील काहीच शक्य नाही त्याने मनानेच स्नान करावे. अशक्त, रोगी व म्हातारा यांस पाण्यावाचूनही शुद्ध होता यावे, ही सोय त्या जुन्या पंडितांनी करून ठेविली. त्यांच्या विधिनिषेधांतील किती तरी गोष्टी आम्हांस मान्य नाहीत. पण तापाने फणफणलेल्या मुलाला हौदाखाली उभे करण्याइतके ते निर्दय नव्हते. ती निर्दयता आमच्या आधुनिक शिस्तीची आहे.

आणि ती आम्ही कोठून उचलली तेही सांगणे प्राप्त आहे, कारण लेखकाचे शिक्षण इंग्रजीतच झाले. रोज अंग धुण्याची सवय इंग्रज पुष्कळ अंशी हिंदुस्थानात येऊन शिकला. 'शांपू' हा त्याचा शब्द आपल्याकडील चंपीवरून गेलेला. पाटण्याकडचा दीन महंमद नावाचा गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्रायटनला गोऱ्या लोकांना वाफेची स्नाने घालीत होता व त्यावर त्याची कीर्ती झाली. पुढे तोच इंग्रज साबणाची वडी हाती घेऊन आम्हांस अस्वच्छ म्हणू लागला. त्याचा तो शब्द आमच्या आजोबांना किती झोंबला! मौज अशी की, तो झोंबणारा शब्द आम्ही टाकून दिला नाही. एटापल्ली-भामरागडच्या वाटेवर जीपमधून जाताना तोच आम्ही माडियांच्या अंगावर फेकतो. माप साहेबाचे आणि मोजणारे आम्ही, एवढाच फरक पडला.

आता पाण्याचा हिशेब करू. बादलीभर पाणी म्हणजे पंधरा ते वीस लिटर. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाने रोज एकच लहान बादली वापरली तरी पाऊणशे लिटर, म्हणजे पाऊणशे किलो वजन झाले. आमच्या घरी ते वजन नळ उचलतो. जेथे नळाला पाणी येत नाही तेथे ते बाईच्या डोक्यावरून येते, आणि पिण्याचे, रांधण्याचे, गुरांचे पाणी निराळेच. चैत्रात नाला आटला म्हणजे वाळूत झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरावे लागते. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत तर पहाटे एकटीने पाण्यावर जायचे म्हणजे वाघाचे भय पदरी घेऊन जायचे. २०१९ साली निघालेल्या जलजीवन योजनेने खेड्यात माणशी रोज पंचावन्न लिटर हे माप धरले. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी शासनाचे माप एकशे पस्तीस लिटरांचे आहे. म्हणजे कागदावरसुद्धा शहरी देह खेडुताच्या देहाच्या अडीचपट पाणी मागतो. हे पाणी पिऊन-वापरून वर 'यांना आंघोळ माहीत नाही' असे म्हणणे, म्हणजे पंक्तीत दुसऱ्याच्या पानातले उचलून त्यालाच उपाशी म्हणून हिणवण्यासारखे आहे.

स्त्रियांविषयी तर बोलताना संकोच वाटतो, पण बोललेच पाहिजे. ज्या घराला न्हाणी नाही तेथील स्त्री उघड्या नदीकाठी नेसत्या वस्त्रानिशी अंग भिजवते. तिचे ते स्नान कितपत स्नान होत असेल? माडिया गावांत रजस्वलेने वेगळ्या कुर्माघरात राहण्याची रूढी आहे. शरीराला पाण्याची सर्वांत अधिक गरज असते ते हे दिवस, आणि नेमक्या त्याच दिवसांची ही झोपडी पुष्कळ ठिकाणी न्हाणीवाचून उभी होती. अलीकडे काही गावांत न्हाणी व शौचकूप असलेल्या पक्क्या वास्तू झाल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. रूढी कधी मोडायची ते त्या स्त्रियांनी ठरवावे. आडोसा व पाणी मात्र त्यांना आजच मिळाले पाहिजे.

स्नान हे सर्वदा हितकरच असते, या समजुतीला सर्वांत मोठा धक्का ज्या कामातून मिळावा ते काम याच गडचिरोलीत झाले आहे. नुकते जन्मलेले मूल स्वतःची ऊब राखू शकत नाही. त्याला जन्मतःच न्हाऊ घालण्याची चाल मात्र घरोघर, आणि आमच्या शहाण्या घरांतही, होती. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने एकोणचाळीस गावांतील साध्या बायकांना शिकवून घरीच नवजातांची काळजी घेण्याचा प्रयोग केला: बाळाला उबेत ठेवणे, आईच्या अंगावर पाजणे, जंतुसंसर्ग ओळखून वेळीच औषध देणे. त्याचा वृत्तांत १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी झाले होते. हे यश एकट्या उबेचे नव्हे, हे उघड आहे. तथापि ऊब हा त्यातील एक खांब होता. आज जागतिक आरोग्य संघटनाही पहिले चोवीस तास बाळाला आंघोळ घालू नये असेच सांगते. ज्यांना आम्ही अडाणी म्हणतो अशा बायकांनी कोरडे फडके व ऊब यांनी जे साधले, ते आमच्या घंगाळाने साधले नसते.

त्या मुलाच्या दुखण्याचीही हीच कथा आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग. शिकागोच्या हेरिक या डॉक्टराने १९१० साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. विदर्भाच्या या पूर्व पट्ट्यात तो पिढ्यानपिढ्या आहे. प्राणवायू कमी पडला की रोग्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व ताठर होतात. थंडीने हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त मंदावते, वाकड्या पेशी बारीक वाटेत अडकतात आणि हाडांत असह्य वेदना उठते. म्हणून या रोग्याने भरपूर पाणी प्यावे व एकाएकी गारठ्यात सापडू नये, असे वैद्यक सांगते. पाणी पोटात गेले तर हित आणि पौषाच्या पहाटे अंगावर पडले तर घात, अशी ज्याच्या देहाची रचना आहे, त्याला आमची शिस्त 'आळशी' म्हणते!

येथे विरोधक आम्हांस विचारतील: तर मग घाण हीच तुमची शिकवण काय? आम्ही स्पष्ट सांगतो की नाही. खरजेला निव्वळ आंघोळ पुरत नाही, सगळ्या खोलीने एकाच वेळी औषध लावावे लागते. परंतु अंग व कपडे धुवावयास पुरेसे पाणी हवेच. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून वरोड्यास जे कार्य आरंभिले, त्या कुष्ठरोग्यांच्या बधिर पावलांस रोज पाण्यात भिजवून तेल लावणे हा तर उपचाराचाच भाग होय. पाण्याचे मोल आम्ही कमी करीत नाही. आम्ही एवढेच विचारतो की, स्नानाची आज्ञा करणाऱ्यावर काही जबाबदारी येते की नाही? कोळसाखाणींसाठी १९५९ साली जे नियम झाले त्यांत खाणीच्या तोंडाशी मजुरांसाठी स्नानगृह बांधण्याचा भार मालकावर टाकला होता. काजळी मालकाच्या कामाची, म्हणून पाणीही मालकाचे. हा न्याय कोणालाही पटेल. मग मुलाला पहाटे पाचला उठवून न्हाऊ घालणाऱ्या संस्थेने पाणी ऊन करून द्यावे, यात अधिक ते काय मागितले?

शेवटी एक कटू गोष्ट सांगतो. चंद्रपुरात महाकालीच्या चैत्रयात्रेस दूरदूरचे, विशेषतः मराठवाड्याकडचे, भाविक येतात व झरपट नदीत स्नान करतात. ती झरपट कशी झाली आहे? शहराचे सांडपाणी तिच्यात वर्षानुवर्षे सुटत आले, पात्रावर जलपर्णी माजली. हे सांडपाणी कोणाचे? रोज सकाळी साबण लावून शुद्ध होणाऱ्या आमचेच. आम्ही आपापली अंगे धुतली आणि तो मळ यात्रेकरूच्या तीर्थात लोटून दिला. विदर्भातच जन्मलेले गाडगेबाबा हाती खराटा घेऊन प्रथम गावचा रस्ता झाडीत, मग कीर्तनास उभे राहत. त्यांची स्वच्छता उंबऱ्याबाहेर सुरू होत असे. आमची न्हाणीघराच्या मोरीशी संपते.

आमचे मागणे फार नाही. वसतिगृहांतील आंघोळ हिवाळ्यात ऊन पडल्यावर व्हावी, आणि पाणी तापविण्यास सूर्याची तरी मदत घ्यावी; या जिल्ह्यांत उन्हाचा दुष्काळ नाही. प्रत्येक मुलाचे सिकलसेलचे कार्ड पेटीच्या तळाशी न राहता अधीक्षकाच्या टेबलावर असावे. शौचकूपाशी व भोजनगृहाशी साबण व वाहते पाणी असावे, आणि बक्षीसच द्यावयाचे तर ते हात धुणाऱ्यास द्यावे. वाचकांकडेही एक मागणे आहे. पुढील खेपेस दिवाणखान्यात कोणी 'ते लोक आंघोळ करीत नाहीत' असे म्हटले, तर त्यांच्या घरी पाणी कोठून व कोणाच्या डोक्यावरून येते, एवढेच त्यास विचारावे.

तो मुलगा पंधरवड्याने परतला, असे अधीक्षकांच्या पत्रावरून समजले. त्याला आता पहाटेच्या स्नानातून 'सूट' दिली आहे, असे त्यांनी लिहिले आहे. शब्द सुटीचा आहे, हक्काचा नाही. तरी वहीतला 'आळशी' हा शेरा खोडला की नाही, ते आम्ही उलट टपाली विचारले आहे.